चौथी हलद

गेल्या वर्षी खारीगावात देवरामच्या पोरीच्या हळदीला मी धवला घेतला आणि चौथ्या हळदीला अडकले. पहिली हळद गावदेवीची, दुसरी खाडीच्या पाण्याची, तिसरी मिठागराच्या बांधाची. तीन झाल्या आणि चौथी येईना. तोंड उघडं आणि आत काही नाही. पन्नास वर्षं मी हा धवला, लग्नातलं विधीचं गाणं, म्हणतेय. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजी मागाहून, आधी धवलारीन, कळव्यात कोणालाही विचारा. ती गाणं सांगते आणि तिच्या गाण्यावर विधी पुढं सरकतो. ती थांबली की हळद लावणारे हातही थांबतात. तसे थांबले. बायका माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. तेवढ्यात कोणीतरी डीजेवाल्याला खूण केली आणि असा काही आवाज सुटला की मांडवाचं कापड हलायला लागलं.

मी उठले, पदर झटकला आणि घरी आले. जेवले पण नाही तिथं.

माझं नाव केशर. तोंडावर लोक केशरबाई म्हणतात. मागं काय म्हणतात ते मला ठाऊक आहे आणि त्यातलं निम्मं खरं आहे.

मार्गशीर्षात माझ्या नातीचं, कल्पिताचं लग्न ठरलं. मुलगा ठाकुर्लीचा. कल्पिता माझ्या प्रफुल्लची धाकटी, थोरला राकेश. राकेशचा धंदाच मांडव आणि डीजेचा, त्यामुळं बहिणीचं लग्न म्हणजे त्याला आपलं दुकान दाखवायची संधी. एके दिवशी दुपारी मी तांदूळ निवडत बसलेली, हा माझ्यासमोर येऊन मांडी घालून बसला. हा मांडी घालून बसला की समजायचं, काहीतरी नको ते सांगायचंय.

"आजी, तू हळदीला फक्त बसायचं. मस्त खुर्ची देतो, कूलर लावतो बाजूला."

"आनि धवला?"

"ठाकुर्लीवरनं उष्टी हळद घेऊन ते लोक येणारच. नीलाआजी असेल त्यांच्यात. ती घेईल थोडा धवला. मग आपला डीजे."

नीला म्हणजे ठाकुर्लीची धवलारीन. आम्ही दोघी एकाच बाईकडं शिकलो, माझ्या सख्ख्या आत्याकडं. चौदा वर्षं आम्ही एकमेकींशी बोलत नाही. कारण सांगायला बसले तर तुमचा दिवस जाईल, आणि चूक तिची आहे.

"राकेश," मी म्हणाले, "ती खुर्ची तुज्या डीजेला दे. एवढा कोकलतो, बसून कोकलेल."

"आजी, राग नको मानू. पण देवरामकाकांकडं काय झालं ते सगळ्यांनी बघितलं. व्हिडिओ पण फिरला."

"मंग आता दुसरा फिरव. पाचही हलदी मी घेनार. माज्या मांडवात नीलानं तोंड उघडलं तर ते जेवायला."

बोलायला बोलले. पण चौथी हळद काही येत नव्हती. भाकऱ्या थापताना म्हणून बघायची, अंघोळीला बसले की म्हणून बघायची. तीन हळदी नळाच्या पाण्यासारख्या यायच्या आणि चौथ्या वेळी नळ नुसता फुसफुसायचा. पाचवी नवरीची, ती येत होती. पण चौथी सोडून पाचवी म्हणता येत नाही. आमच्याकडं पायरी गाळून वर चढत नाहीत. आणि तो व्हिडिओ बघितलेल्या शंभर बायका बोटं मोजत बसणार होत्या.

मग मी प्रफुल्लला धरलं.

प्रफुल्लचं पूर्वी खोपटला, एसटी डेपोच्या समोर, लग्नपत्रिका करून द्यायचं दुकान होतं. एक कंप्युटर, एक प्रिंटर आणि हा. वीस वर्षांपूर्वी एका पौषात, लग्नं नसतात तेव्हा, त्यानं मला रोज दुपारी दुकानात नेऊन बसवलं. मी म्हणायची, तो टाइप करायचा. एकूण बासष्ट धवले झाले. कागदावर पण काढलेले, ते पाच सालच्या पुरात घरात पाणी शिरलं तेव्हा गेले. पण दुकान पहिल्या मजल्यावर. कंप्युटर वाचलेला.

"ते काड," मी म्हणाले.

"आये, ते गेलं." प्रफुल्ल आता जागेचे व्यवहार बघतो, सारखा फोनवर असतो, आईशी बोलताना पण फोन कानापासून चार बोटंच लांब.

"कुटं गेलं? पाय फुटले?"

"कंप्युटर बंद पडून दहा वर्षं झाली."

"बंद पडला म्हंजे मेला नाय. मी पन दोनदा बंद पडलेली, तूच दवाखान्यात नेलेलंस."

प्रफुल्ल हसला नाही. कल्पिता हसली. ती आतल्या खोलीत कामाला बसलेली. ठाण्यातल्या कुठल्याशा कंपनीत आहे, दुसऱ्यांनी केलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायचं काम. आमच्या घरात हा गुण कोणाकडून आला ते सांगायला नको. ती बाहेर आली आणि म्हणाली, "बाबा, तो डबा माळ्यावर आहे ना? टाकला नाहीत ना?"

माळ्यावर होता. गणपतीच्या मखराखाली. पोरीनं तो खाली काढला, स्क्रू फिरवून उघडला, आतून वहीएवढी लोखंडाची पेटी काढली. म्हणाली, आजी, जे काय आहे ते हिच्यात आहे. ती पेटी तिनं एका वायरीनं आपल्या लॅपटॉपला जोडली. पेटी घरघरली. आणि तिथं दिसलं, प्रफुल्लनं तेव्हा दिलेली नावं: आये एक, आये दोन, अशी बासष्टपर्यंत.

कल्पितानं पहिलं उघडलं. आत इंग्रजी एबीसीडी, मधेच कंस, मधेच टोप्या घातलेली अक्षरं, मधेच उलटी प्रश्नचिन्हं. कोणीतरी तांदूळ, खडे आणि खिळे एकत्र कालवावेत तसं.

"हा माजा धवला?"

"हा तुझाच धवला. बाबांनी ज्या प्रोग्रॅममध्ये टाइप केला ना, अक्षरमोती, तो मराठी अक्षरं आपल्या पद्धतीनं लपवून ठेवायचा. 'क'च्या जागी इंग्रजी अक्षर ठेवायचं आणि त्याला मुखवटा 'क'चा घालायचा. मुखवटे त्याच्याकडंच. तो प्रोग्रॅम असेल तरच हे मराठी दिसणार."

"मंग आन तो प्रोग्रॅम."

"ती कंपनी केव्हाच बंद झाली. सीडी आहे बाबांकडं, पण ती विंडोजची. आणि माझ्याकडं विंडोज नाहीये."

तिचा लॅपटॉप जुना. नवं विंडोज त्याच्यावर चढेना, जुन्याला वरून औषधपाणी यायचं बंद झालं, म्हणून तिनं त्याच्यावर दुसरंच काहीतरी घातलं होतं, लिनक्स नावाचं. मला त्यात काही वेगळं दिसत नव्हतं, पण ती म्हणाली हे दोघं वेगवेगळी भाषा बोलतात. एकाचा प्रोग्रॅम दुसऱ्याला कळत नाही.

प्रफुल्ल म्हणाला, एवढा खटाटोप कशाला. डोंबिवलीत त्याच्या ओळखीचा एक सिद्धेश म्हणून आहे, तो जुन्या फायली नव्या मराठीत करून देतो. दिल्या त्याला. आठवड्यानं तो स्वतः घरी आला. गोरागोमटा पोरगा, पायातले बूट बाहेर काढून नीट जोडीनं ठेवले, ते मला आवडलं. कागदांना छान पिन मारून, वर पारदर्शक कागद घालून आणलेलं.

"आजी, एकदम क्लीन करून दिलंय," तो म्हणाला. "टायपिंगच्या चुका खूप होत्या, त्या पण सगळ्या काढल्या."

"वाच," मी म्हणाले.

आता तुम्हाला सांगते, आम्ही काय म्हणतो. आम्ही म्हणतो:

*पयली हलद कोनाला ग*
*गावदेवीचे पावलाला*
*दुसरी हलद कोनाला ग*
*खाडीचे पान्याला*
*तिसरी हलद कोनाला ग*
*आगराचे बांधाला*

लिहिताना मी हळद लिहिते, शाळेत तीन वर्षं मास्तरांनी तेवढ्यासाठीच छडी वापरली. गाताना हलद. ळ म्हटलं की जीभ मागं वळते आणि सूर तिथंच ठेचकाळतो. ल म्हटलं की सूर सरळ खाडीपर्यंत जातो. हे कोणी मला शिकवलं नाही, घशाला कळतं.

सिद्धेशनं वाचायला सुरुवात केली. "पहिली हळद कोणाला गं, गावदेवीच्या पावलांना. दुसरी हळद कोणाला गं, साडीच्या पदराला."

"कंच्या साडीच्या?"

"इथं 'खाडीचे पान्याला' असं होतं. अर्थ लागत नव्हता. हळद पाण्याला कशी लावणार? म्हटलं साडी असेल."

"फुडं."

"तिसरी हळद कोणाला गं, आग्र्याच्या बांधाला."

कल्पितानं तोंडावर ओढणी धरली. राकेश दारातून म्हणाला, "आजी, ताजमहालला हळद लावली आपण."

"ते मशीननं सुचवलं," सिद्धेश म्हणाला. त्याचा चेहरा उतरला. "आगर असा शब्दच नाही त्याच्या यादीत."

"शब्द नाय?" मी म्हणाले. "पोरा, आगर म्हंजे मिठाचं आगर. त्याच्यावरनं आमी आगरी. तुज्या मशीनच्या यादीत आमी नाय म्हंजे आमी नाय का? हा कळवा, हा खारीगाव, त्या बाजूला जे टावर उबे हायेत, तिते माज्या बापानं पायानं मीट तुडवलंय. त्या टावरच्या खाली अजून खारं पानी लागतं, इचार त्या बिल्डरला. ते पन तुजी यादी बगून लागत नाय."

तो बिचारा खाली मान घालून ऐकत होता. मी त्याला लाडू दिला, चहा दिला, आणि कागद परत दिले. चौथ्या हळदीच्या जागी त्यानं काय केलं होतं ते मी बघितलंच नाही. आग्र्यानंतर मला पुढं वाचायची इच्छा उरली नव्हती, आणि तिथं जे काही असतं त्याच्यावर मी विश्वास ठेवला नसता.

तो गेल्यावर मी कल्पिताला म्हणाले, "मना दुरुस्त केलेलं नको. जसं हाय तसं पायजे. तो जुना प्रोग्रॅमच चालव."

"आजी, लग्नाला बारा दिवस राहिलेत माझ्या."

"मंग आज बस."

ती बसली. मी पण तिच्या शेजारी बसले, मटार सोलत. ती कानाला ते हेडफोन लावून कोणाशी तरी बोलत होती, ऑफिसातली मैत्रीण असावी. मधेच म्हणाली, "हो, वाईनवर चालेल. वाईन टाकते आधी, मग बघते."

मी मटाराची शेंग खाली ठेवली. आमच्या जातीत हळदीला किती बाटल्या फुटतात ते मी जन्मभर बघत आलेय, आणि प्रत्येक मांडवात त्याच्यावर बोलत आलेय. पण नवरी मुलगी दुपारी तीन वाजता, आजीच्या शेजारी बसून, एवढ्या शांतपणे सांगते?

"कल्पिता, कुटं टाकतेस वाईन?"

"लॅपटॉपवर."

"दारूनं यंत्र साफ करतात?"

मग ती हसत सुटली. फोनवरच्या पोरीला पण तिनं ते सांगितलं आणि ती पण हसली. वाईन म्हणजे एक प्रोग्रॅम होता. त्याचं काम असं की विंडोजसाठी केलेली वस्तू लिनक्सवर चालवायची. राकेशला कळल्यावर तो चार दिवस प्रत्येकाला सांगत सुटला की आमची आजी धवल्याला वाईन मागते.

"पन चालवतो कसा?" मी कल्पिताला विचारलं. मला कळल्याशिवाय मी माझी गाणी कोणाच्या ताब्यात देत नाही.

"बघ, अक्षरमोती काय करतो, सारखा विंडोजला विचारतो. पान उघडू का, अक्षर काढू का, हे कुठं ठेवू. इथं विंडोज नाही. तर मधे वाईन बसतो. अक्षरमोतीनं विचारलं की विंडोजनं जे उत्तर दिलं असतं ते उत्तर वाईन देतो. अक्षरमोतीला कळत पण नाही की आपण परक्याच्या घरात आहोत."

"म्हंजे थापा मारतो."

"थापा नाही. काम खरंच होतं ना. आणि ज्यांनी हा लिहिला त्यांना विंडोजच्या आत काय आहे ते कोणी दाखवलं नव्हतं. त्यांनी बाहेर बसून बघितलं, असं विचारलं की असं उत्तर येतं, तसं विचारलं की तसं. आणि मग आपल्या डोक्यानं तसंच उत्तर देणारं लिहिलं. तीस वर्षं लिहितायत. फुकट देतात."

"कोनी शिकवलं नसताना."

"हो."

"मंग त्यांना डोकं हाय," मी म्हणाले. असं मी सहसा कोणाबद्दल म्हणत नाही.

पहिल्या दिवशी ते चढलंच नाही. दुसऱ्या दिवशी चढलं, उघडलं, मोठी पांढरी खिडकी आली, वरती अक्षरमोती असं नाव, आणि आत सगळे चौकोन. नुसते रिकामे चौकोन, फरशीसारखे. मी म्हणाले, आता तर एबीसीडी पण गेली. कल्पिता म्हणाली, थांब, मुखवटे राहिलेत. सीडीत वेगळ्या ठिकाणी ती अक्षरं होती, ती काढून तिनं वाईनच्या घरात नेऊन ठेवली. एक गंमत मला तिनं तेव्हा सांगितली. हा अक्षरमोती इतका जुना की नव्या विंडोजवर पण तो चालत नाही. तिच्या मैत्रिणीनं तिच्याकडं करून बघितलं, त्या विंडोजनं दारातूनच परत पाठवला.

"म्हंजे ज्याचा हाय तो घरात घेत नाय, आनि जो कोन नाय तो घेतो," मी म्हणाले.

"तसंच."

गेल्या वर्षी देवरामच्या मांडवातून मी उठले तेव्हा घरापर्यंत सोडायला शेजारची केरळची नर्स आलेली. आमच्यातलं कोणी नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी कल्पितानं मला हाक मारली. चष्मा लावून मी बसले. समोर पान. वर गणपती, प्रत्येक पत्रिकेवर प्रफुल्ल टाकायचा तोच. खाली अक्षरं काळी, जाडी, मी ओळखली. पयली हलद कोनाला ग. पयली. हलद. कोनाला. एक अक्षर इकडचं तिकडं नाही. खाडीचे पान्याला. आगराचे बांधाला. वीस वर्षांपूर्वीची मी समोर बोलत होते, आणि ती चांगली बोलत होती.

मी बोट ठेवून खाली आले. चौथी हलद कोनाला ग.

त्याच्याखाली टिंबं. एक ओळ भरून टिंबं. आणि कंसात, प्रफुल्लनं लिहिलेलं: आये सांगत नाय.

कल्पितानं वाचलं आणि माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं बघितलं नाही.

मला आठवलं. खोपटचं ते दुकान, डेपोतून गाड्या निघायच्या, त्यांचा धूर वर यायचा. मी तीन हळदी सांगितल्या आणि थांबले. प्रफुल्ल म्हणाला, आये, फुडं. मी म्हणाले, पाचवी लिव. तो म्हणाला, चौथी? मी म्हणाले, चौथी माज्याकडं राहू दे. आत्यानं मला सांगितलेलं, दुसऱ्याच्या हातात जाईल असं सगळं कधी देऊ नये, एक आपल्याकडं ठेवावं, म्हणजे लोकांना आपल्या दारात यावं लागतं. मी फार शहाणी. बासष्ट धवले दिले आणि एक ओळ ठेवली. माझ्या डोक्यात ठेवली, जिथून कोण चोरणार?

प्रफुल्लला बोलावलं. त्यानं वाचलं. फोन खिशात ठेवला, हे मी लिहून ठेवते, कारण असं होत नाही.

"तूच बोललेलीस, आये," तो हळूच म्हणाला.

"मना ठाऊक हाय मी काय बोललेली."

"नीलामावशीला विचारूया का? तिला येत असेल. मी करतो फोन."

"तू फोन कर आनि मंग मांडव पन ठाकुर्लीलाच घाल."

पुढचे दोन दिवस कल्पिता लॅपटॉप माझ्यासमोर उघडा ठेवून जायची. मी टिंबांकडं बघत बसायची. चौथी आठवायचं मी सोडून दिलं होतं. मी दुसऱ्याच गोष्टी आठवत होते. आत्या कशी म्हणायची. पहिली कोणाला, देवीला. दुसरी पाण्याला, ज्याच्यानं मीठ होतं. तिसरी बांधाला, जो पाणी अडवतो. पाचवी नवरीला. मधे काय लागतं? आत्याला तिथं कोणी विचारलं असतं, तर ती काय म्हणाली असती? आत्याचं तोंड, आत्याचा ताठा, आत्याला लोकांनी कुठं कुठं मागं बसवलं होतं, ते सगळं मी बाहेरून बघितलेलं. आतलं तिनं कधी दाखवलं नाही.

हळदीच्या दिवशी मांडव भरला. राकेशनं खरंच कूलर लावलेला, आणि खुर्ची पण आणून ठेवलेली. मी खुर्चीवर लॅपटॉप ठेवला आणि खाली पाटावर बसले. पहिल्यांदा बायका हसल्या. धवलारीन आणि कंप्युटर. मी म्हणाले, "हसा. तुमी मोबाईल बगून पुरनपोळी करता तेवा मी हसते का?"

ठाकुर्लीची मंडळी उष्टी हळद घेऊन आली. नीला पुढंच बसली, नऊवारी, अंबाड्यात अबोली. म्हातारी झालीये. मी नाही झाले का, पण तिच्याकडं बघून जास्त वाटलं.

मी सुरू केलं. पयली हलद. बायकांनी पाठ धरला, मागून तीच ओळ म्हटली. दुसरी. तिसरी. मांडव शांत झाला, कारण सगळ्यांना ठाऊक होतं आता काय यायचंय. राकेश डीजेवाल्याजवळ उभा, हात वर करायच्या तयारीत. मी स्क्रीनकडं बघितलं नाही. तिथं टिंबंच होती.

*चौथी हलद कोनाला ग*
*गानारनीचे कपालाला*

पाठ आला नाही. मी पुन्हा म्हटलं, जरा जोरात. गानारनीचे कपालाला.

आता तुम्ही आमच्यातले नसाल तर सांगते. माझा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. विधवा बाईला हळदीत बोट लावू देत नाहीत. धवलारीन विधवा असेल तर ती गाते, दुसऱ्यांच्या पोरींना पिवळं करते, आणि स्वतः लांब बसते. आत्या तशीच बसली, तीस वर्षं. मागून एक म्हातारी म्हणाली, "अगं बाय, असं कुटं असतं का?" दुसरी म्हणाली, "अपशकून."

कल्पिता चौरंगावरून उठली. नवरीनं उठायचं नसतं. ती उठली, वाटीतली हळद बोटांनी घेतली, माझ्यासमोर गुडघे टेकून बसली आणि माझ्या कपाळाला लावली. एका भुवईपासून दुसऱ्या भुवईपर्यंत. थंड लागली. परत जाऊन चौरंगावर बसली. प्रफुल्ल खांबाला धरून उभा होता. त्यानं आवाज चढवून पाठ धरला, एकटा, पुरुषाच्या बेसूर गळ्यानं, आणि मग बायकांनी धरला.

नीलानं धरला नाही. ती पाठ संपेपर्यंत थांबली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ही चौथी आत्याची नव्हं."

चौदा वर्षांत माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"मंग आत्याची म्हन," मी म्हणाले. "मांडव हाय, मानसं हायेत. घे."

नीलानं श्वास घेतला. "चौथी हलद कोनाला ग," तिनं उचललं, आणि आवाज अजून चांगला आहे हो तिचा, खोटं का बोलू. "चौथी हलद..." आणि थांबली. ओठ हलले. पुढं काही आलं नाही. राखून ठेवली होती की तिची पण गेली होती, ते तिचं तिला ठाऊक. तिनं पदरानं तोंड पुसलं.

मी तिला वेळ दिला. पुरेसा दिला. मग पाचवी घेतली आणि नवरीला हळद लागली. राकेशचा डीजे त्या संध्याकाळी साडेआठला लागला, माझं सगळं झाल्यावर, आणि मग वाजू दे किती वाजायचा तो.

जेवणाच्या पंगतीत नीला माझ्या शेजारच्या पाटावर येऊन बसली. मी बोलावलं नव्हतं. वांग्याची भाजी वाढून झाली, वडे आले. ती वडा मोडत म्हणाली, "केशर, ती चौथी. लिवून दे मना."

"लिवून देनार नाय."

"आता कसली राखतेस?"

"राखत नाय. तुजा गळा तसा नाय वळत त्याला, ती चाल येगळी हाय," मी म्हणाले. "कागदावरनं नाय यायची. कळव्याला ये. मी म्हनीन, तू ऐक."

"मी कशाला येऊ? तू ये ठाकुर्लीला."

"मंग ऱ्हावदे."

तिनं वडा खाल्ला. मी पण खाल्ला. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "दुपारची घरी असतेस का?"

"असते," मी म्हणाले. "येताना अबोली आन. माज्या अंबाड्याला."